गफ्फार गादीवाल्याचा तपास

गडचांदूरमधलं कोणतं बिऱ्हाड नागपूरला हलणार, हे गफ्फार गादीवाल्याला त्या बिऱ्हाडाच्या शेजाऱ्यांआधी कळायचं. जाणारी माणसं कापसाची जड गादी सोबत नेत नाहीत. ती गफ्फारच्या दुकानात आणून टाकतात आणि म्हणतात, हिच्या उशा करून द्या. चांगल्या डबलबेडच्या गादीच्या उशा मागणारा माणूस गाव सोडणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पण गफ्फारचं तेवढ्यावर भागत नसे. का चाललाय, खरं कारण काय, हे हुडकून काढेपर्यंत त्याला अन्न गोड लागत नसे.

संशयी म्हणून त्याला गावात सगळे हसत. मी त्याला एवढा दोष देणार नाही. ज्या माणसावर चाळीस वर्षं रोज संशय घेतला गेला, त्याच्या अंगात तो मुरणारच. गादी पिंजायला आणणारा प्रत्येक जण आधी कापूस तराजूत घालून वजन बघतो, मग स्टूल ओढून मशीनसमोर बसतो आणि गादी शिवून होईपर्यंत उठत नाही. चहा प्यायचा तरी नजर गफ्फारच्या हातावर. शिवलेली गादी पुन्हा तराजूत. पिंजताना दोन मूठ रुई उडून जाते, कचरा खाली पडतो, वजन थोडं कमी भरणारच. पण गिऱ्हाईक असं काही बघतं की जणू गफ्फारने ती दोन मूठ रुई बनियनमध्ये कोंबली आहे. असे डोळे चाळीस वर्षं झेलल्यावर माणूस दुसऱ्यांकडेही त्याच डोळ्यांनी पाहू लागतो.

नागपूरला जाणाऱ्यांची कारणं त्याला तोंडपाठ होती. पोरांची शाळा. मोठा दवाखाना. पुण्यात एका खोलीला जेवढं भाडं पडतं तेवढ्यात तिथं दोन खोल्या आणि वर नळाला पाणी. शहर वाढतंय, हाताला काम आहे, सकाळी निघालं की दुपारपर्यंत गावी परत येता येतं. एकाने तर मेट्रो आहे म्हणूनही सांगितलं. गफ्फार सगळ्यांचं ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि माणूस वळला की म्हणायचा, "मेट्रोत बसाले कोनी घर सोडते का बे? कुठंतरी पानी मुरून राह्यलं."

शाळा म्हटलं की सासूशी पटत नाही, आणि काम म्हटलं की गावात तोंड दाखवायला जागा उरली नाही, असा त्याचा हिशेब होता. दुर्दैव असं की दोनदा तो खरा ठरला. एकदा कोरपन्याकडच्या सोमाजीचा मुलगा प्रणित कंपनीत नोकरी लागली म्हणून नागपूरला गेला. गफ्फार तेव्हाच म्हणाला होता की नोकरी नाही, नवरी आहे. सहा महिन्यांनी प्रणित बायको घेऊन गावी आला. तेव्हापासून सोमाजी कापूस घेऊन आला की गफ्फारला हात जोडायचा. दोन अंदाज खरे निघाले म्हणून उरलेले आठ चुकलेले तो सोयीस्करपणे विसरला.

आणि मग, या वर्षी पोळ्याच्या सुमारास, त्याच्या स्वतःच्या मुलाने जेवता जेवता सांगितलं, "अब्बा, मी नागपूरले जाव म्हंतो."

अकरम इलेक्ट्रिशियन होता. कारखान्याच्या ठेकेदाराकडे कामाला, शिवाय गावातली वायरिंगची कामं. हात रिकामा कधी नसायचा. गफ्फारने घास ताटात ठेवला.

"काऊन?"

"महेकच्या शाळेसाठी."

झालं! शाळा! गफ्फारने बायकोकडे पाहिलं. रहमतबी भाकरी थापत होती, तिने मान वर केली नाही. सुनेकडे पाहिलं. तबस्सुम उठून पाणी आणायला गेली, आणि तांब्या तर भरलेला होता.

महेक ही अकरम-तबस्सुमची एकुलती एक मुलगी, नऊ वर्षांची. गफ्फारचा सगळा जीव त्या पोरीत. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. शाळेतून आली की दप्तर टाकून ती आजोबाजवळ येऊन बसायची, पिंजलेल्या कापसाच्या ढिगात पाय खुपसून. तो तिला लांब सुईत दोरा ओवायला द्यायचा आणि तोंडात गुळाचा खडा. गूळ तिच्या खोकल्यासाठी. गादीवाल्याच्या घरात खोकला असतोच. गफ्फारला लहानपणी होता, त्याच्या बापाला होता, म्हाताऱ्या आजालाही होता. गूळ चघळला की गळ्यातली रुई खाली उतरते, हे त्याच्या आईने त्याला सांगितलं होतं आणि त्याने कधी त्यावर विचार करायची गरज मानली नव्हती. दिवसभरात एवढा एक तास त्याला कोणावरही संशय येत नसे. तोच तास आता नागपूरला जायला निघाला होता.

त्या रात्रीपासून गफ्फारने घरातच तपास सुरू केला.

पुरावे तर ढीगभर मिळाले. तबस्सुमने दुकान आणि घर यांच्या मधल्या दारावर जाड चादर ठोकली होती, आणि ती दिवसातून दोनदा ओली करायची. उन्हाळ्यात कूलर नसताना नाही सुचलं, आता पावसाळ्यात बाईला गारवा हवा झाला? गफ्फारचे कपडे ती वेगळ्या बादलीत धुवायची. महेक शाळेतून आली की आता तिला थेट मागच्या दाराने घरात घ्यायची आणि अभ्यासाला बसवायची. दुकानात यायला पोरगी रडायची, पण आई सोडायची नाही. कपाटावर बिस्किटाचा एक डबा होता, तो गफ्फार खोलीत आला की कोणीतरी मागे सरकवायचं. आणि प्रत्येक सुट्टीत, अगदी दोन दिवसांच्याही, महेकला नागपूरला मामाकडे धाडायचं. मामा म्हणजे तबस्सुमचा भाऊ सरफराज. तो तिकडे फ्रीज आणि एसी दुरुस्त करतो.

सुतावरून स्वर्ग गाठायला गफ्फारला वेळ लागला नाही. सुनेला गादीवाल्याच्या घराची लाज वाटते. सासऱ्याच्या कपड्यांची किळस येते. पोरीने कापसात बसलेलं चालत नाही, तिला शहरातली मेमसाब करायचं आहे. भावाने तिकडून काडी टाकली आणि अकरम बैलासारखा मागून चालला.

त्याने तबस्सुमशी बोलणं टाकलं. काही हवं असेल तर रहमतबीला सांगायचा, "तुह्या सुनेले सांग, चहा ठेव म्हनाव." तबस्सुम समोरच उभी असायची. ती मुकाट्याने चहा ठेवायची. दोन महिने हे चाललं. रहमतबी एकदा चिडून म्हणाली, "तुमी त्या पोरीवर जुलूम करून राह्यले."

"तूबी फितूर झाली का?" गफ्फार म्हणाला.

रहमतबी काहीतरी बोलणार होती. तिने ओठ दाबले आणि आत गेली. गफ्फारने तेही मनात टिपून ठेवलं.

सोमाजी दोन गाद्यांचा कापूस घेऊन आला तेव्हा गफ्फारने त्याच्याजवळ मन मोकळं केलं. सोमाजी स्टूलावर बसून मशीनकडे बघतच ऐकत होता.

"गफ्फारभाऊ, इथी बसून काय समजनार?" तो म्हणाला. "मी प्रणितच्या खोलीवर न सांगता गेलो, तवा सारं दिसलं. तुमीबी जा."

हे गफ्फारला पटलं. दिवाळीची सुट्टी लागली होती, महेक आधीच मामाकडे गेली होती. रिकाम्या हाताने जायचं तर चोरासारखं दिसेल, म्हणून त्याने एक निमित्त तयार केलं. सरफराजसाठी रजई. पण गफ्फारच्या हाताने वाईट काम होत नसे, दुश्मनासाठीसुद्धा. त्याने नवा कापूस घेतला, दोनदा पिंजला, लाल फुलांचं कापड लावलं आणि बोटभर अंतरावर टाके घातले. रहमतबीला सांगितलं, चंद्रपूरला कापड बघायला जातो. पहाटेच्या एसटीने राजुरा, तिथून चंद्रपूर, तिथून नागपूर. रजई त्याने सबंध वाटभर मांडीवर धरली होती.

कामठी रोडवरून आत वळलं की नवी वस्ती लागते. गफ्फारने सरफराजचं घर लगेच गाठलं नाही. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं, तिथं उभं राहून त्याने आधी टेहळणी केली. घरं साधीच होती. अर्ध्यांवर प्लास्टर नव्हतं, पण नळ होते. दुकानदाराशी बोलता बोलता कळलं की गल्लीत चार घरं चंद्रपूरकडची, दोन गडचिरोलीची, एक तर थेट सिरोंच्याचं. गफ्फारने विचारलं, "हे सारे कायले आले इथी?" दुकानदार हसला. "ज्याले त्याले विचारा ना चाचा. कोनाची माय आजारी हाय, कोनाले काम पाह्यजे, कोनाची पोरगी कॉलेजात. आमाले खोली स्वस्तात भेटली, म्हून आलो." गफ्फारला हे उत्तर फार सरळ वाटलं. इतकं सरळ कोणी बोलतं का?

तेवढ्यात गल्लीत पोरांचा गलका उठला. सात-आठ पोरं शर्यत लावून धावत होती. विजेच्या खांबापासून मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत आणि परत. त्यांत पुढून दुसरी महेक होती.

गफ्फारने आधी तिला ओळखलंच नाही. म्हणजे चेहरा ओळखला, पण धावणारी महेक त्याने कधी पाहिली नव्हती. घरी ती शाळेतून आली की पायरीवर बसून श्वास घ्यायची आणि मग आत यायची. गफ्फार म्हणायचा, पोरगी नाजूक आहे, तिच्या आजीवर गेली. इथं ती खांबाला हात लावून वळत होती. एक फेरी, दुसरी, तिसरी. तिसऱ्या फेरीला एका पोराला धक्का देऊन ती पहिली आली आणि उड्या मारत ओरडली. बसली नाही. खोकली नाही. गफ्फारच्या मनात काहीतरी हललं, पण ते काय होतं हे त्याला तेव्हा समजलं नाही. त्याला वाटलं, आपल्या घरी ही अशी खेळत नाही म्हणजे तबस्सुम तिला खेळू देत नाही.

"दादाजान!" महेकने त्याला पाहिलं आणि ती येऊन कमरेला बिलगली. रजई, शर्ट, सगळ्यात तोंड खुपसून.

सरफराज कामावर गेला होता. त्याच्या बायकोने गफ्फारला बघून डोक्यावर पदर घेतला, सलाम केला, पाणी दिलं. घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. गफ्फारने डोळे चारी बाजूंना फिरवले. लाज वाटावी, लपवावं असं काही दिसेना. मग त्याने रजई काढली.

गादीवाला रजई घडी घालून हातात देत नाही. आधी तो ती उघडतो, दोन टोकं धरतो आणि जोरात झटकतो, तीनदा. कापूस कुठं गोळा झालेला नाही, टाका कुठं सुटलेला नाही, हे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर दिसावं म्हणून. गफ्फारच्या बापाने त्याला हे शिकवलं होतं. त्याने त्या लहानशा खोलीच्या मधोमध उभं राहून रजई तीनदा झटकली आणि मग कौतुकाने महेकच्या अंगावर टाकली. पोरगी आत गुरफटून हसत सुटली.

खिडकीतून आलेल्या उन्हात बारीक रुई तरंगत होती. गफ्फारला ती रोजची, त्याच्या डोळ्यांना दिसलीसुद्धा नसती. पण सरफराजची बायको उठून उभी राहिली होती आणि रुईकडे बघत होती.

महेकचं हसणं थांबलं. एकदा खोकली, दोनदा खोकली. मग खोकला थांबेना. रजईतून बाहेर आली तेव्हा तिचे खांदे वर-खाली होत होते आणि छातीतून शिटीसारखा आवाज येत होता. गफ्फारने खिशात हात घालून गुळाचा खडा काढला. "हे घे बेटा, हे चघळ."

"नको चाचा!" सरफराजची बायको जवळजवळ ओरडलीच. तिने फ्रीजवरच्या डब्यातून दम्याचा निळा पंप काढला, पोरीला मांडीवर घेतलं, पंप तोंडाला लावला. महेकने स्वतःच बरोबर वेळेवर श्वास ओढला. तिला सगळं माहीत होतं. बाईने दुसऱ्या हाताने रजई उचलून अंगणात फेकली आणि घाईघाईत बोलून गेली, "तबस्सुमआपानं किती सांगितलं होतं, दुकानातले कपडे पोरीजवळ नको म्हून, डॉक्टरनं…"

आणि थांबली. गफ्फारकडे बघून तिने तोंडावर हात ठेवला.

गफ्फार तिथंच उभा होता, हातात गुळाचा खडा घेऊन. ओली चादर. वेगळी बादली. मागचं दार. कपाटावरचा डबा. एकेक गोष्ट त्याच्या डोळ्यांसमोर आली आणि तोंडावर मारून गेली. जगातल्या प्रत्येक माणसावर त्याने संशय घेतला होता, फक्त आपल्या मशीनवर कधी घेतला नव्हता.

दहा मिनिटांत महेकचा श्वास पूर्ववत झाला. तिला वाटलं आजोबा घाबरले, म्हणून तीच त्याची समजूत घालू लागली. "दादाजान, काई नाई होत. पंप घेतला का जाते." ती त्याच्याकडे यायला निघाली तसा गफ्फार मागे सरकला, भिंतीला पाठ लागेपर्यंत.

"दूरच राह्य बेटा," तो म्हणाला. "मले गाडी पकडाची हाय."

चहा न घेता तो निघाला. अंगणातली रजई उचलली आणि वस्तीच्या बाहेर, मोकळ्या जागेत, विटा थापणाऱ्या एका म्हातारीच्या खांद्यावर ती घातली. म्हातारीने संशयाने विचारलं, "फुकट काऊन देऊन राह्यला?" गफ्फार स्टँडकडे चालू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गडचांदूरला पोचला. रात्र त्याने चंद्रपूरच्या स्टँडवर काढली होती, कारण घरी कोणत्या तोंडाने जायचं हे त्याला सुचत नव्हतं. सरफराजचा फोन अर्थातच त्याच्याआधी येऊन गेला होता. अकरम कामावर गेला नव्हता. रहमतबी चुलीजवळ बसली होती. तबस्सुम दाराशी उभी होती.

"तुले माहीत होतं?" गफ्फारने बायकोला विचारलं.

रहमतबीने होकाराची मान हलवली.

"सार्‍याले माहीत होतं. मलेच नाई." त्याचा आवाज चढला. "मले काऊन नाई सांगितलं अकरम? मी का दुश्मन होतो तिचा?"

अकरम खाली बसला. तो मितभाषी मुलगा होता, पण हे त्याने मनात पुष्कळदा घोकलेलं असावं. "काय सांगू अब्बा? ह्याच मशीनवर तुमी मले वाढवलं. मले आयटीआयले टाकलं. त्याच मशीननं तुमच्या नातीचा श्वास कोंडते, हे माह्या तोंडानं सांगू? शाळा म्हनलं तं तुमी माह्यावर चिडले असते. चिडा म्हनलं."

"मी मशीन आजच विकतो."

"डॉक्टरले तेबी विचारलं. चाळीस वर्षांची रुई हाय ह्या घरात, छपराच्या कवेलूत, भिंतीत. अन् तुमी मशीन विकली, बिन कामाचे बसले, तरी तिचा खोकला नाई थांबला तं? मंग तुमी तिच्याकडे पाहू शकसान का अब्बा?" तो जरा थांबला. "तिथी गेली का आठव्या दिवशी पळते ते. तुमी पाह्यलं ना?"

"पाह्यलं," गफ्फार म्हणाला. "पयली आली."

गफ्फारने दुकानाकडे पाहिलं. मशीनजवळ सोमाजीच्या दोन गाद्यांचा कापूस अर्धा पिंजलेला पडला होता. गफ्फारला त्या पांढऱ्या ढिगाचा राग आला, आणि लगेच स्वतःचाही आला, कारण त्या ढिगात तिचे पाय त्यानेच खुपसू दिले होते, हौसेने, रोज.

"जा," तो शेवटी अकरमला म्हणाला. "ह्याच महिन्यात जा. खोली पाह्यली नसंल तं त्या गल्लीतच पाह्य. दुकानदार सरळ मानूस हाय."

मग तो सुनेकडे वळला. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिचे डोळे सुजले होते. माफी कशी मागायची ते त्याला येत नव्हतं, आयुष्यात कधी सराव नव्हता.

"बेटी," तो म्हणाला, "मले तिले मांडीवर घ्याचं असंल, तं किती दिवस आधीपासून कापसाले हात नाई लावाचा?"

"आठ दिवस अब्बा," तबस्सुम लगेच म्हणाली. "डोक्यावरून आंघोळ, अन् नवे कपडे. ते कपडे ह्या घरात नाई ठेवाचे." ती दारातून पुढे आली. "पयल्या खेपेलेच विचारलं होतं मी डॉक्टरले. तुमच्यासाठी दोन जोड सरफराजकडे शिवून ठेवले हायेत."

 गफ्फारने दुकानात जाऊन खटका ओढला आणि मशीनची वीज बंद केली. ऐन थंडीचा हंगाम, दाराशी गिऱ्हाइकांच्या सहा गाद्या टेकून ठेवलेल्या.

"अन् सोमाजीच्या गाद्या?" रहमतबीने आतून विचारलं.

"थांबंल तो." त्याने शर्ट काढून दाराबाहेर टाकला, नळाखाली बादली लावली आणि तिथूनच, पाठमोरा, सुनेला म्हणाला, "आज पयला दिवस धर, बेटी."